ऊस, पण उसाचा रस : मराठी मजकूर बिनचूक लिहिण्याची रीत

सांगलीतल्या एका छापखान्यात मी गेली कित्येक वर्षं प्रूफं तपासते. लगीनसराईत पत्रिका, ऑगस्ट-सप्टेंबरात सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, जत्रेच्या दिवसांत पावतीपुस्तकं आणि जमाखर्चाची पत्रकं, मधल्या काळात अर्ज, निवेदनं, श्रद्धांजलीचे मजकूर. इतकी पानं नजरेखालून गेल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. चुकांचे प्रकार फार थोडे असतात, पाच-सहाच. तेच ते प्रकार प्रत्येक पानावर फिरून फिरून येतात. म्हणून सगळं व्याकरण पाठ करायला बसू नका. मजकूर लिहून पुरा करा, तासभर बाजूला ठेवा आणि मग एका फेरीत एकाच जातीची चूक शोधा. एका नजरेत सगळं धरायला गेलं की डोळा शब्द वाचतो, अक्षर पाहत नाही.

सुरुवातीलाच बोलीविषयी सांगते, कारण तो विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. आमच्या भागात 'मी आलतो', 'काय करतुयास', 'जायाचं हाय' असं बोलतात. ती चूक नव्हे, ती आमची भाषा आहे. 'तू अशुद्ध बोलतोस' असं म्हणून पोरांना गप्प बसवलेलं मी पाहिलं आहे आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. शुद्धलेखन हा लिहिण्यापुरता केलेला करार आहे. जतच्या माणसाचा अर्ज गडचिरोलीहून बदलून आलेल्या कारकुनालाही न अडखळता वाचता यावा, एवढ्यासाठी. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनानं १९६२ साली मान्य केले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. हे अठरा नियम दोन-तीन पानांत मावतात. आजोबांच्या पत्रांत 'नाहीं', 'कांहीं', 'घरीं' अशी टिंबं दिसली तर ती त्या काळच्या रीतीनं बरोबरच होती. या नियमांनी ती काढली, म्हणून आज आपण ती देत नाही.

बोली लिखाणात घोटाळा करते ती एकाच जागी, 'न' आणि 'ण'मध्ये. कोण आणि कोन, खूण आणि खून, मण आणि मन. हिशेबात 'दोन मन हळद' असं लिहिलं तर अर्थच पालटतो. पाणी, बेदाणा, लोणी, दाणे हे शब्द बोलताना जिभेवर कसेही येवोत, कागदावर त्यांना 'ण' लागतो. ही सवय आपल्याला आहे असं वाटत असेल, तर तेवढ्यासाठी एक वेगळी फेरी ठेवा.

पहिली फेरी : मोकळ्या जागा

फोनवर लिहायला लागल्यापासून ही चूक फार वाढली आहे, कारण फोन एकेक तुकडा सुचवतो आणि मध्ये आपोआप जागा सोडतो. 'घरा समोर', 'त्या मुळे', 'माझ्या कडे', 'आठ दिवसा पासून'. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटून येतात : घरासमोर, त्यामुळे, माझ्याकडे, आठ दिवसांपासून. 'च', 'ही', 'सुद्धा', 'देखील' हेही चिकटूनच : आजच, मीही, तुम्हीसुद्धा. उलट 'त्या वेळी', 'या ठिकाणी', 'ज्या दिवशी' हे सुटे लिहायचे, कारण वेळ, ठिकाण, दिवस ही स्वतंत्र नामं आहेत. पूर्णविरामाच्या आणि स्वल्पविरामाच्या आधी जागा नको, नंतर हवी. ही फेरी दोन मिनिटांत होते.

दुसरी फेरी : शब्दाचं शेवटचं अक्षर

शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार मराठीत दीर्घ असतो. की, ही, ती, मी, तू, कवी, समिती, विनंती, शक्ती, गुरू, वस्तू, आणखी. 'कि' आणि 'हि' ही अक्षरं एकटी दिसली की चूक आहे असं खुशाल समजा. मोजकेच शब्द याला अपवाद आहेत : आणि, नि, आणि संस्कृतातून आलेली परंतु, तथापि, यद्यपि, किंतु, अति अशी अव्ययं. 'आणी' ही मला रोज भेटणारी चूक. ती एका शोधात सापडते, म्हणून कॉम्प्युटरवर असाल तर थेट शोधून बदला.

इथे एक वळण आहे. प्रत्यय लागला तरी हा शेवटचा दीर्घ तसाच राहतो : समितीला, शक्तीचा, गुरूंना. पण मूळ संस्कृत शब्दापुढे दुसरा शब्द जोडून समास झाला की तो ऱ्हस्व होतो : समितिसदस्य, शक्तिशाली, गुरुवार, कविसंमेलन. विद्यार्थी, मंत्री, पक्षी हे शब्दही असेच वागतात : विद्यार्थिमंडळ, मंत्रिमंडळ, पक्षिमित्र, आणि विद्यार्थिनीसुद्धा. शाळांच्या कार्यक्रमपत्रिकांत 'विद्यार्थीनी' दिसलं नाही असा महिना जात नाही. नदी, लक्ष्मी, वधू हे मुळातच दीर्घ, म्हणून नदीकाठ, लक्ष्मीपूजन, वधूवर.

तिसरी फेरी : ऊस, गूळ, दूध

माझ्या मते ही सगळ्यांत मोलाची फेरी आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या बहुतेक चुका हिच्यात निघतात. कृष्णाकाठच्या माणसाला हा नियम पाठ करावा लागत नाही, तो आपल्या शेतातच उभा आहे.

ऊस, गूळ, दूध, तूप, मूग, तूर, पीक, वीज, जमीन, विहीर. हे शब्द मोठ्यानं म्हणून पाहा. शेवटच्या अक्षरातला 'अ' आपण उच्चारत नाही, त्यामुळे त्याच्या आधीचा स्वर लांबतो : ऊऽस, दूऽध, जमीऽन. म्हणून तो दीर्घ लिहायचा. आता प्रत्यय लावा. उसाचा, गुळाचा, दुधाला, तुपात, मुगाची, तुरीची, पिकाला, विजेचे, जमिनीचा, विहिरीत. पुढच्या अक्षराला जोर मिळाला की आधीचा स्वर आखूड होतो, तो ऱ्हस्व लिहायचा. रस्त्याकडेच्या पाट्यांवर 'ऊसाचा रस' आणि 'दुध मिळेल' अशा दोन्ही चुका असतात. दोन्ही एकाच नियमानं सुटतात : उसाचा रस, दूध मिळेल. जोडून नवा शब्द केला तर मात्र मूळ रूप कायम राहतं, जसं ऊसतोड, पीकविमा, वीजबिल.

गावांची नावंही याच वाटेनं जातात. कोल्हापूर, पण कोल्हापुरात. पंढरपूर, पण पंढरपुरास. नात्यांचंही तसंच : बहीण-बहिणीला, सून-सुनेला, मूल-मुलाला. बाहेरून येऊन रुळलेले शब्दही सुटत नाहीत : वकील-वकिलाचा, गरीब-गरिबाला, मजकूर-मजकुरात. काही शब्दांत तो स्वर पार निघूनच जातो : लाकूड-लाकडाला, बेरीज-बेरजेत, पाऊल-पावलाला, तारीख-तारखेला.

शब्दाच्या शेवटी आ, ई, ऊ असा लांब स्वर असेल तर आधीचा इकार-उकार मुळातच ऱ्हस्व असतो : दिवा, किडा, विळी, सुरी, महिना, पाहुणा. खानापूर तालुक्यातलं विटा गाव घ्या. भाजलेली ती वीट, तिचं अनेकवचन विटा, आणि गावाचं नाव विटा. एका नियमाची दोन्ही टोकं त्यात दिसतात. नियम नुकता शिकलेली माणसं कधी कधी उत्साहानं 'दीवा', 'महीना' लिहायला लागतात, तेव्हा तिकडेही लक्ष ठेवा.

हा नियम मराठी शब्दांचा. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आपलं मूळ रूप सोडत नाहीत. गुण, विष, गणित, मंदिर हे 'अ'नं संपतात तरी ऱ्हस्वच, आणि शरीर-शरीराला, गीत-गीताचे, स्वरूप-स्वरूपात हे प्रत्यय लागला तरी दीर्घच. शब्द कोणत्या कुळातला हे कळत नसेल तर कोश उघडा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, पण आजही उपयोगी आहे आणि तो इंटरनेटवर शोधता येतो. त्यातलं जुनं लेखन मात्र उचलू नका. शब्द संस्कृतातला आहे का, एवढंच त्यात पाहायचं.

याच नियमाच्या पोटात क्रियापदांचा 'ऊन' येतो : करून, म्हणून, असून, पाहून, आणि त्यांच्या जोडीनं पासून. 'करुन', 'म्हणुन', 'असुन', 'पासुन' यांनी एखादा अहवाल भरलेला असतो. लिहिणाऱ्याला एवढी एक गोष्ट कळली तरी माझ्या लाल शाईतली निम्मी वाचेल. याला लागूनच 'ऊन' की 'वून' असा प्रश्न येतो. मूळ क्रिया पाहा. जा, खा, घे, दे, ये यांना 'व' नाही : जाऊन, खाऊन, घेऊन, देऊन, येऊन. ठेव, लाव, पाठव, जेव, धाव यांच्यात 'व' आहे : ठेवून, लावून, पाठवून, जेवून, धावून. 'ठेऊन' आणि 'पाठऊन' इथेच गळतात.

चौथी फेरी : मानाचं टिंब

अनेकवचनी नामाला प्रत्यय लागला की त्यावर अनुस्वार येतो : मुलांना, शेतांमध्ये, सभासदांनी. आपण एका माणसालाही आदरानं अनेकवचन वापरतो, तेव्हाही तो हवा : सरपंचांना, मुख्याध्यापकांनी, वडिलांचा. 'सरपंचानी' असा शब्द मराठीत नाहीच. एक तर 'सरपंचाने', नाही तर 'सरपंचांनी'. 'ने' एकाचा, 'नी' अनेकांचा किंवा आदराचा. निमंत्रणपत्रिकेत 'मान्यवराच्या उपस्थितीत' छापलं तर एकच मान्यवर येणार असा अर्थ होतो, आणि तोही अरेतुरेत. मी या टिंबाला मानाचं टिंब म्हणते. आपल्याकडे पाहुण्याला टॉवेल-टोपी देताना जेवढी काळजी घेतात, तेवढी या टिंबाचीही घ्यावी.

पाचवी फेरी : साताऱ्याचा 'ऱ्या'

मी या कामात नवी होते तेव्हाची गोष्ट. एका देवस्थानच्या महाप्रसादाचा जमाखर्च माझ्या हातून गेला आणि त्यात 'आचार्यांची मजुरी' असं छापलं गेलं. स्वयंपाक केला होता आचाऱ्यांनी. पत्रकं गावात वाटून झाल्यावर कुणीतरी ते दाखवलं. ती सगळी पत्रकं परत छापावी लागली, आणि ज्यांनी दोन दिवस चुलीपुढे राबून गाव जेवू घातलं त्यांचाच उल्लेख चुकला याची रुखरुख मला अजून आहे.

तेव्हापासून मी एक खूण धरली आहे. मूळ शब्दात 'र'ला स्वतःचा स्वर असेल आणि रूप बदलताना पुढे 'य' आला, तर 'ऱ्य' लिहायचं. सातारा-साताऱ्यात, आचारी-आचाऱ्यांना, शेतकरी-शेतकऱ्यांचा, कर्मचारी-कर्मचाऱ्यांना, दुसरा-दुसऱ्या, पायरी-पायऱ्या. मूळ शब्दातच 'र्य' असेल तर रफार : सूर्य, कार्य, आचार्य, आश्चर्य. दरीचं अनेकवचन दऱ्या, आणि दर्या म्हणजे समुद्र. साताऱ्याला दऱ्या पुष्कळ आहेत, दर्या एकही नाही. कऱ्हाड आणि ऱ्हस्व या शब्दांतही हेच अर्धं अक्षर आहे. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर 'र'च्याच कळीवर शिफ्ट धरलं की 'ऱ' मिळतो, त्याला हलन्त जोडून 'य' किंवा 'ह' द्यायचा. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला असेल तर ही फेरी दोनदा करा, कारण रूपांतरात रफार हमखास हलतात.

कारणासकट लक्षात ठेवायचे शब्द

काही शब्द नियमानं सापडत नाहीत. नुसते घोकले तर विसरतात, पण त्यांची जोडणी कळली की राहतात. परि आणि ईक्षा मिळून परीक्षा, तशीच प्रतीक्षा आणि समीक्षा. पण परिस्थिती, परिणाम, परिसर यांत 'रि' ऱ्हस्वच. महत् आणि त्व मिळून महत्त्व, तत् आणि त्व मिळून तत्त्व, म्हणून दोन 'त'. नेतृत्व आणि कर्तृत्व यांत मात्र 'त' एकच. उत् आणि ज्वल मिळून उज्ज्वल. उत् आणि घाटन मिळून उद्घाटन. त्यात 'घ' आहे, 'ध' नाही, आणि कोनशिलेवर एकदा 'उद्धाटन' कोरलं गेलं की ते पिढ्यान्‌पिढ्या तसंच राहतं. 'इक' लागून झालेले शब्द ऱ्हस्व : हार्दिक, वार्षिक, सामाजिक, औद्योगिक, पारंपरिक. शेवटच्या शब्दात 'रं'पुढच्या 'प'ला काना नाही. आशीर्वाद, नवीन, स्वीकार, शीर्षक, विशेष, ज्येष्ठ हे एका चिठ्ठीवर लिहून भिंतीला लावा. आमच्याकडे टेबलासमोर तशी चिठ्ठी आहे.

विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाची दोन टिंबं देऊ नका. 'दुःख', 'स्वतः', 'विशेषतः' यांत विसर्गाचं खरं अक्षर हवं, नाही तर कॉम्प्युटरवर तो शब्द शोधून सापडत नाही.

विरामचिन्हं कानानं तपासा

जुन्या पोथ्यांत उभे दंड असत. स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह ही चिन्हं आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या वळणानं रुळली आणि त्यात मेजर थॉमस कँडी यांचा वाटा मोठा होता. चिन्ह म्हणजे वाचणाऱ्यानं कुठे थांबायचं याची खूण. पाणीवाटपाच्या गटावर 'पाणी सोडू नका थांबा' असा निरोप आला तर शेतकऱ्यानं काय समजायचं? 'पाणी सोडू नका, थांबा' की 'पाणी सोडू, नका थांबा'? एका स्वल्पविरामावर रात्रीची पाळी जाऊ शकते.

मजकूर मोठ्यानं वाचा. जिथे श्वास घ्यावा लागतो तिथे काहीतरी चिन्ह हवं, आणि एका वाक्यात तीनदा श्वास लागला तर त्या वाक्याची दोन वाक्यं करा. उद्गारचिन्ह एकच पुरे. संक्षेपांपुढे टिंब हवं : श्री., सौ., मु. पो., ता., जि. पत्रिकेतल्या 'चि. सौ. कां.' मधलं 'कां' सौभाग्यकांक्षिणीमधून आलं आहे, म्हणून तिथला अनुस्वार काढू नका.

'केले, सांगितले' की 'केलं, सांगितलं', असंही पुष्कळ जण विचारतात. अर्ज, ठराव, अहवाल यांत 'केले' लिहावं. गप्पांच्या सुरातल्या लेखात 'केलं' चालतं, हा लेख मी तसाच लिहिते आहे. एकाच कागदावर दोन्हींची मिसळ मात्र नको.

एक अर्ज हातात घेऊन

ग्रामपंचायतीला द्यायचा असा एक अर्ज घ्या : 'मी वरील ठिकाणी राहाणारा शेतकरी असुन आमच्या वस्ती वर आठ दिवसा पासुन पिण्याचे पाणी येत नाही . त्या मुळे आम्हाला खुप त्रास होत आहे आणी विहीरीचे पाणी आणावे लागते. तरी सरपंचानी दखल घेऊन कार्यवाही करावी हि नम्र विनंती.'

मोकळ्या जागांच्या फेरीत 'वस्तीवर', 'त्यामुळे' जोडले जातात, 'दिवसा पासुन' एक होतो आणि पूर्णविराम 'नाही'ला चिकटतो. शेवटच्या अक्षरांच्या फेरीत 'आणि' आणि 'ही' सुधारतात. उसा-दुधाच्या फेरीत 'असून', 'पासून', 'खूप' दीर्घ होतात आणि 'विहिरीचे' ऱ्हस्व होतं. टिंबाच्या फेरीत 'दिवसांपासून' आणि 'सरपंचांनी' येतात. राहणे, पाहणे, वाहणे यांत 'ह'ला काना नसतो, म्हणून 'राहणारा'. राहतो तो स्वल्पविराम. मोठ्यानं वाचलं की 'असून'पुढे आणि 'करावी'पुढे आवाज आपोआप थांबतो. हाती येतं ते असं : 'मी वरील ठिकाणी राहणारा शेतकरी असून, आमच्या वस्तीवर आठ दिवसांपासून पिण्याचे पाणी येत नाही. त्यामुळे आम्हाला खूप त्रास होत आहे आणि विहिरीचे पाणी आणावे लागते. तरी सरपंचांनी दखल घेऊन कार्यवाही करावी, ही नम्र विनंती.' अर्जदाराचा एकही शब्द बदललेला नाही. असे दोन-तीन जुने कागद तपासलेत की आपली नेहमीची चूक कोणती ते कळतं. ती एका वहीत टिपून ठेवा आणि पुढच्या वेळी पहिली फेरी तिच्यासाठी करा.

शेवटची फेरी : नावं आणि आकडे

ही फेरी मी कधीच घाईत करत नाही. ऐतिहासिक व्यक्ती, ठिकाणं, शास्त्रातले शब्द यांच्यासाठी मराठी विश्वकोश पाहा. त्याचं काम आपल्या वाईत उभं राहिलं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली पहिला खंड १९७६ साली निघाला, आणि आज सगळे खंड इंटरनेटवर फुकट वाचता येतात. जिवंत माणसाच्या नावाला मात्र कोश नसतो. सुनीता हे व्याकरणानं बरोबर, पण एखादी स्वतःचं नाव सुनिता लिहीत असेल तर पत्रिकेत सुनिताच छापायचं, कारण तिच्या दाखल्यावर ते तसं आहे. म्हणून मी वधूपित्याला फोन लावते आणि एकेक नाव वेलांटी-उकारासकट म्हणवून घेते, 'दादा, दुसरी वेलांटी आहे का पहिली?' तारीख आणि वार कॅलेंडर समोर ठेवून जुळवते. फोन नंबर शेवटून पहिल्याकडे वाचते, म्हणजे सवयीनं डोळा पुढे धावत नाही. मग प्रूफावर त्यांची तारखेसह सही घेते, आणि त्यानंतरच मशीन सुरू होतं.